आईच्या वह्या: प्रकल्प नोंदी

१७ ऑगस्ट २०२५, रविवार, कराड

आज ट्रंक उघडली. आई फेब्रुवारीत गेली तेव्हापासून ती माजघरात तशीच होती, वर तिची घडी केलेली शाल, आणि कुणाचाच हात लागत नव्हता. दादा म्हणाला पावसाळ्यात ओल धरली तर कागद हाती लागायचे नाहीत, म्हणून मी पुण्याहून आले, ताई ठाण्याहून आली, आणि तिघांनी बसून कुलूप काढलं.

आत निघालं ते असं. आईच्या शाळेच्या टाचण वह्या (पाठांची तयारी लिहायच्या) ३१. सर्व्हिस बुकाची झेरॉक्स. आजोबांची मोडीतली दोन पत्रं. रबरबँड लावलेले पोस्टकार्डांचे गठ्ठे, रबर वितळून कागदाला चिकटलेलं. कॅसेट ३८. आणि तळाशी जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली एक जाडजूड वही, जी आम्ही तिघांनीही आजवर कधी पाहिली नव्हती.

ठरलं असं की माघात वर्षश्राद्ध आहे, तिथीने जानेवारीच्या शेवटी येतंय, तोपर्यंत एक छोटी स्मरणिका करायची आणि सगळे कागद स्कॅन करून ठेवायचे. दादाचा मुलगा कॉम्प्युटरचं बघणार, मी वाचणार आणि टाईप करणार, ताई फोन करून आईच्या विद्यार्थ्यांना शोधणार. काय केलं, कधी केलं ते विसरायला होतं, म्हणून ही नोंद मी ठेवतेय.

२३ ऑगस्ट

आधी आईची जंत्री लिहून काढली, पुढे प्रत्येक कागद कुठे बसवायचा ते कळायला. जन्म १९३४. व्हर्नाक्युलर फायनल (तेव्हाची सातवीची परीक्षा) पास, मग ट्रेनिंग कॉलेज. १९५३ ला जिल्हा स्कूल बोर्डाची नेमणूक, तेव्हा जिल्हा परिषद नव्हती, ती १ मे १९६२ ला आली आणि आई त्या दिवसापासून झेडपीची मास्तरीण झाली. १९५५ लग्न. बाबा एसटीत कंडक्टर, आठवड्यातले चार दिवस मुक्कामी गाडीवर. दादा १९५७, ताई १९६०, मी १९६३. पाटण तालुक्यात मोरगिरीच्या बाजूला १९५८ ते १९७०, मग माण तालुक्यात म्हसवडजवळ सात वर्षं, मग कराड. १९९२ ला रिटायर. त्यानंतरची तेहतीस वर्षं मात्र कुठल्याच सर्व्हिस बुकात नाहीत, ती माणसांना विचारूनच गोळा करावी लागणार.

नात्यातल्या एकांनी फार प्रेमाने श्रद्धांजलीचं एक पान लिहून पाठवलंय. मायेचा सागर, त्यागमूर्ती, कर्तव्यदक्ष शिक्षिका. वाचून मला वाईट वाटलं, त्यांचं काही चुकलं म्हणून नाही, तर हे पान कुणाच्याही आईला लावता येईल म्हणून. आईने काय केलं, कधी केलं, कुणासाठी केलं, एवढंच आपण लिहायचं असं मी दादाला सांगितलं. विशेषणं लागणारच नाहीत.

१ सप्टेंबर, गौरीपूजन

सगळे घरी असल्यामुळे काम जेमतेम. तरी दुपारी पुरणपोळीनंतर आम्ही ती तळातली वही सोडली.

ही वही विकतची नाही. शाळेतल्या तपासून झालेल्या उत्तरपत्रिकांची मागची कोरी पानं एकत्र करून, दाभणाने टोचून, जाड दोऱ्याने शिवलेली. पुठ्ठा बिस्किटाच्या खोक्याचा. शाई पूड पाण्यात कालवून केलेली, त्यामुळे काही पानं गडद निळी आणि काही इतकी फिकट की उन्हात धरावी लागतात. २१२ पानं. पहिल्या पानावर आईच्या गोल अक्षरात फक्त "न आलेली मुलं" आणि खाली "जून १९७१ पासून".

हजेरीपत्रक सरकारी असतं, त्यात गैरहजर मुलाच्या रकान्यात नुसती खूण. ती खूण का पडली ते लिहायला त्यात जागाच नाही. आईने तेवढ्यासाठी वेगळी वही केली होती. तारीख, रोल नंबर, कारण, आणि मग तिने काय केलं. एकेक ओळ. मी मोठ्याने वाचत गेले आणि सगळे ऐकत बसले, गौरींपुढच्या दिव्यात दोनदा तेल घातलं तरी कुणी उठेना.

"रो. नं. ७. आठ दिवस नाही. आई खडीवर जाते. धाकटा भाऊ सांभाळते. भावासकट ये म्हटलं."

"रो. नं. ७. आली. भाऊ झोळीत. झोळी खिडकीच्या गजाला बांधली."

"रो. नं. ३. परकर एकच. धुतला की येत नाही. माझ्या लुगड्याचा शिवला. आईला सांगू नको म्हणाली, सांगितलं नाही."

"रो. नं. १६. बापाबरोबर ऊसतोडीला. पट्टा पडेपर्यंत [कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत] येणार नाही. दाखला हातात दिला, तिकडे शाळेत बसव म्हटलं. बसवतील असं वाटत नाही."

१४ सप्टेंबर

स्कॅनिंग सुरू. फ्लॅटबेड स्कॅनरवर वही उताणी दाबली तर शिवण तुटेल, म्हणून भाच्याने दोन पुस्तकांच्या थप्प्या लावून फोनला स्टँड केला, वर ट्यूबलाईट, खाली काळं कापड. पान सपाट राहायला कडेला काचेची पट्टी. ३०० डीपीआयच्या जवळपास पडतंय. फाईलचं नाव साल, वही नंबर, पान नंबर असं ठेवलंय, नाहीतर पुढे गोंधळ नक्की.

कसर लागलेली तीन पानं आहेत. त्यांना ब्रशने झाडलं, ट्रंकेतल्या डांबरगोळ्या काढून टाकल्या. चिकटलेली पानं ओढली नाहीत, दोन दिवस पंख्याखाली ठेवल्यावर आपोआप सुटली. घाई करू नये हे दादाचं म्हणणं बरोबर निघालं.

ओसीआर (फोटोतली अक्षरं ओळखून टाईप करणारं सॉफ्टवेअर) करून पाहिलं. छापील परिपत्रकं बऱ्यापैकी ओळखतं पण आईचं हस्ताक्षर त्याला अजिबात जमेना. मग मी फोनवर बोलून टाईप करायला लागले. आईची ओळ मी वाचायची, फोनने लिहायची, मग मी दुरुस्त करायची. तासाला पाच पानं होतात. आईचं वाक्य आपल्या आवाजात बोलताना मध्येच थांबायला होतं.

३० सप्टेंबर

आज किल्लारीच्या भूकंपाचा दिवस, म्हणून तेवढाच भाग लिहायला घेतला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या रात्री गणपतींचं विसर्जन झालेलं, गावं गाढ झोपलेली. आई रिटायर होऊन वर्षच झालं होतं. आम्ही टीव्हीवर ढिगारे बघत रडत होतो आणि आई उठून बाजारात गेली.

काय आणलं तर नाड्या. परकराच्या नाड्या, गुंडीच्या गुंडी. सुया, काळे-पांढरे दोऱ्याचे रीळ, बटणं, सेफ्टी पिना, पाट्या आणि पेन्सिलींचे खोके. दादा म्हणाला आई अगं तिथे लोक कपडे, धान्य, ब्लँकेटं पाठवतायत, नाड्या काय पाठवतेस. तर म्हणाली, कपडे सगळे पाठवतात रे, नाडी कुणी पाठवत नाही. कोयनेच्या भूकंपाला आम्हाला ट्रक भरून कपडे आले होते आणि बायका परकर हाताने धरून पाण्याला चालल्या होत्या.

कराडहून मदतीचा ट्रक निघाला त्यात पुढे बसून गेली, वय ५९. तीन आठवडे सास्तूरच्या बाजूला राहिली. पत्र्याच्या शेडजवळ झाडाखाली मुलं गोळा करून बसवायची, शिकवायची नाही असं पत्रात लिहिलंय, "नुसतं पाटीवर काहीही काढू देते. बहुतेक सगळे घरच काढतात." ते पोस्टकार्ड स्मरणिकेत जसंच्या तसं घ्यायचं.

१२ ऑक्टोबर

पाटणचा भाग. १९५९ ला सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली, पुढे ती राज्यभर नेली. दिवसा मुलांची शाळा, रात्री मोठ्यांची. आईच्या टाचण वहीत त्या सालचं वेगळं पान आहे, "रात्रवर्ग, बाया २२, कंदील ३, रॉकेल संपलं". दादा तेव्हा दोन वर्षांचा, तो म्हणतो मला कंदिलाचा वास आणि पुष्कळ बायकांच्या बांगड्यांचा आवाज आठवतो, तो खरंच तेव्हाचा की नंतर ऐकून ऐकून झालेला हे मात्र त्यालाही सांगता येत नाही. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. त्या दिवशी सत्तरी ओलांडलेल्या एका आजींनी फळ्यावर स्वतःचं नाव लिहिलं आणि मग फडक्याने पुसायला कुणालाच देईनात, दुसऱ्या दिवशी शाळा भरली तरी नाव तसंच, तेव्हा आईने आठवडाभर फळ्याचा तेवढा कोपरा सोडून शिकवलं. हे आई सांगायची. वहीत त्याची नोंद एवढीच: "फळा पाऊण."

२४ ऑक्टोबर

कालची भाऊबीज झाल्यावर सगळे थांबले, त्यामुळे कॅसेटचं काम उरकलं. त्यातल्या काही कॅसेट मागच्या महिन्यात एका दुकानात कन्व्हर्ट करायला दिल्या होत्या, त्यांनी एकीची टेप गुंतवून तोडली आणि सांगितलंही नाही, घरी आल्यावर कळलं. फार जीव हळहळला. उरलेल्या आम्ही घरीच करायच्या ठरवल्या. दादाचा जुना डेक दुरुस्त करून घेतला, हेड स्पिरिटने पुसलं, बुरशी दिसली ती कॅसेट आधी हाताने पुढेमागे फिरवून मोकळी केली, मग लाईन आऊटमधून लॅपटॉपवर. तुटलेली टेप भाच्याने बारीक चिकटपट्टीने जोडली, अर्धा सेकंद गेला असेल.

आईने नव्वदच्या दशकात अंध मुलांच्या एका वसतिगृहासाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करून दिली होती. बालभारती आणि पुढे कुमारभारतीसुद्धा, इतिहास, भूगोल. नवीन पुस्तकं लागली की जुन्या कॅसेट परत यायच्या, त्या याच. दुपारी दोन ते चार, पंखा बंद करून, कारण पंख्याचा आवाज टेपवर येतो. उन्हाळ्यात घामाने निथळत वाचायची. मी माहेरी आले की तेवढे दोन तास घरात कुणी भांडंही वाजवायचं नाही.

आवाज लागला आणि ताई उठून आत गेली.

नकाशा आला की आई थांबते. "आता इथे पुस्तकात नकाशा आहे. तुझा डावा हात समोर धर. अंगठा आत घे. मनगटाच्या बाजूला कोकण असं समज." मग बोटाबोटाने सगळ्या नद्या सांगते. हे कुठल्याच पुस्तकात नाही, हे तिने स्वतः बसवलेलं. प्रत्येक बाजू संपायच्या आधी एकच वाक्य, "इथे ही बाजू संपते बाळा, सावकाश उलटव." ३८ कॅसेट, ७६ बाजू, आणि ७६ वेळा ती तितक्याच मायेने तेच सांगते. आम्ही मोजलं.

९ नोव्हेंबर

न आलेल्या मुलांची वही टाईप करून संपली. भाच्याने सगळं एक्सेलमध्ये टाकलं, ११४० ओळी. वर्षवार, कारणवार लावता येतंय.

दुष्काळाची दोन वर्षं वाचताना जड गेलं. १९७२-७३ ला माणमध्ये घरटी माणसं दुष्काळी कामावर, पाझर तलाव, रस्ते, खडी फोडणं. आम्हाला रेशनवर मिलो (परदेशी ज्वारी) मिळायचा, लाल, त्याची भाकरी तुटायची, आणि शाळेत सुकडी. आईच्या वहीत जून ७२ पासून कारणं बदलत जातात. आधी "पाखरं राखायला" असतं, मग शेतात पाखरं राखायलाच काही नाही. मग "खडीवर", "पाण्याला, दोन मैल", "बैल छावणीत, बापाबरोबर", "भाकरी नाही म्हणून आली नाही. सुकडी अकराला असते, अकराला तरी ये म्हटलं". त्यापुढे पंधरा दिवस रोज अकराला आल्याची टिकमार्क. टिकमार्कांची ती रांग फोटो म्हणून छापायची, पूर्ण पान.

मुलांची नावं वहीत कुठेच नाहीत, फक्त रोल नंबर. मी आधी समजले घाईत लिहिलं असेल. दादा म्हणाला नाही, वही कुणाच्या हाती पडली तर कुणाच्या घरी भाकरी नव्हती ते गावाला कळू नये. मला ते पटलं. आपणही नावं शोधून छापायची नाहीत.

एक गोष्ट मात्र अडलीय. काही ओळींच्या शेवटी, समासात, "वि." असं लिहिलंय. "पोटात दुखतं. वि." "पाखरं राखायला. वि." "मामा आले होते. वि." ४७ वेळा. भाच्याने वर्षवार लावून दाखवलं, ७१ मध्ये आठ, मग जून ७२ ते जून ७३ एकही नाही, ७४ ला पुन्हा सुरू आणि ७५-७६ ला सगळ्यात जास्त. बहुतेक उन्हाळ्याच्या तोंडाला. विलंब? विनंती? विशेष? ताई म्हणते विनाकारण, म्हणजे कारण खोटं वाटलं म्हणून. तेच त्यातल्या त्यात बसतं. पण आई कुठल्या मुलाला विनाकारण म्हणेल हे माझ्या मनाला लागून राहिलंय.

२७ नोव्हेंबर

हे लिहू की नको असं झालं होतं पण लिहिते.

१९७३ च्या जानेवारीत रो. नं. २३ ची ओळ आहे. रो. नं. २३ म्हणजे मी. चौथीत आईच्याच वर्गात होते. शाळेत तिला आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, हा घरातला नियम होता, कारण बाकीच्या पोरांना वाटू नये की हिचं वेगळं. एकदा चुकून आई म्हणाले तर तिने बघितलंही नाही, दुसऱ्यांदा बाई म्हटल्यावर मान वर केली. ते मला पुष्कळ वर्षं टोचत होतं.

आणि एक ताप आठवतो. मी घरी एकटी, दाराला बाहेरून कडी, कौलातून एक कवडसा जमिनीवर सरकत होता आणि मी त्याच्याकडे बघत पडले होते. दादा-ताई म्हसवडला हायस्कुलात, बाबा गाडीवर. आई आपल्याला टाकून दुसऱ्यांच्या मुलांकडे गेली, असं नऊ वर्षांच्या मला वाटलं होतं आणि खरं सांगायचं तर पन्नाशीपर्यंत कुठेतरी वाटत होतं. मी कधी तिला बोलले नाही.

वहीत आहे: "रो. नं. २३. ताप. घरी एकटी ठेवली, कडी लावून. साहेबांची तपासणी, रजा नाही. ११ ला पळत जाऊन पाणी पाजलं. १ ला पुन्हा. झोपेत होती. ३ ला पुन्हा. कवडसा डोळ्यावर येत होता, कौल सरकवलं."

शाळेपासून घर मैलभर होतं. मला तिचं येणं एकदाही आठवत नाही.

रात्री ताईला फोन केला. दोघी बराच वेळ काही बोललो नाही. हे पान छापायचं की नाही ते तू ठरव, असं ती म्हणाली. छापणार.

११ डिसेंबर

कोयनेच्या भूकंपाला आज ५८ वर्षं. १९६७ चा सोमवार, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. रिश्टर मापावर साडेसहाच्या आसपासचा धक्का, मुंबई-पुण्यापर्यंत लोक रस्त्यावर आले होते, कोयनानगर आणि आसपासच्या गावांत पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. मी चार वर्षांची, मला फक्त थंडी आणि आईच्या पदराला लागलेली माती आठवते.

दादाने २००४ मध्ये आईला बोलतं केलं होतं, ती कॅसेट सुदैवाने नीट आहे. आई सांगते की दगडमातीची भिंत बाहेरच्या अंगाला पडली म्हणून आम्ही वाचलो, आत पडली असती तर संपलं होतं. आम्हा तिघांना देवळापुढच्या पटांगणात आणून घोंगडीत गुंडाळून बसवलं, दादाला सांगितलं या दोघींचा हात सोडायचा नाही. आणि मग त्या अंधारात, लोक रडतायत, ओरडतायत, गुरं हंबरतायत, अशात ती पटांगणाच्या मधोमध उभी राहिली आणि तिने हजेरी घ्यायला सुरुवात केली. पटावरून नाही, पट शाळेत गाडला गेलेला. तोंडपाठ. एकेक नाव मोठ्याने. "रोज म्हणून म्हणून पाठ होतंच रे. आणि पोरांनाही सवय, नाव आलं की हजर म्हणायची. रडणारी पोरंसुद्धा हजर म्हणाली." दोन नावांना उत्तर आलं नाही. माणसं त्या दोन घरांकडे धावली. एक मुलगा माळ्याच्या तुळईखाली जिवंत सापडला.

"आणि दुसरं?" दादाचा आवाज येतो.

मग टेपवर अकरा सेकंद काही नाही. मग आई म्हणते, "चहा टाकते."

भाच्याने विचारलं ही शांतता एडिट करू का, ऐकणाऱ्याला वाटेल फाईल बिघडली. मी म्हटलं हात लावू नको.

२८ डिसेंबर

मजकूर प्रेसला दिला. डेमी साईज, ६४ पानं म्हणजे बरोबर चार फर्मे, ७० जीएसएम मॅपलिथो, फोटोंची आठ पानं आर्ट पेपर वेगळी, सेंटर पिन न करता शिलाई, ३०० प्रती. शिलाईला पैसे जास्त लागले पण आईची वही दोऱ्याने शिवलेली, तर हीसुद्धा तशीच हवी असं दादाचं म्हणणं.

संपाचा भाग दोनच परिच्छेदांत ठेवला. १९७७-७८ चा कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संप, आई संपावर होती आणि सातवीची मुलं ओसरीवर बसून गणितं करत होती, पगार नाही, दुकानदाराने उधारी दिली. पल्स पोलिओच्या बूथचं, जनगणनेचं, वाचनालयाचंही थोडक्यात. सगळं घेतलं तर दोनशे पानं होतील.

११ जानेवारी २०२६

प्रूफ आलं आणि डोक्याला हात लावला. आम्ही युनिकोडमध्ये दिलेलं, प्रेसने आपल्या जुन्या फॉन्टमध्ये वळवलं, त्यात "सातारऱ्या"सारखे घोळ, सगळे ऱ्य तुटले, दुसऱ्या, बऱ्याच, सगळीकडे मधे आडवी रेघ. मी आणि ताई व्हिडिओ कॉल लावून एकेक ओळ तपासली, रात्रीचे दोन वाजले. आईने आयुष्यभर लाल शाईने इतरांच्या चुका सुधारल्या, तिच्या पुस्तकात अशुद्ध जाऊ देणार नव्हतो. १९३ दुरुस्त्या.

पान ६ वर खुणांचा खुलासा दिलाय. रो. नं. म्हणजे रोल नंबर, ख. म्हणजे खडी, आणि वि. म्हणजे विनाकारण. शेवटचं माझ्या मनाविरुद्ध, पण दुसरं काही सुचलं नाही.

१ फेब्रुवारी, रविवार, कराड

विधी शुक्रवारीच घरच्या घरी झाला. आज पुस्तकाचा कार्यक्रम, नदीजवळच्या छोट्या हॉलमध्ये, आई रोज संध्याकाळी प्रीतिसंगमावर फिरायला जायची त्या वाटेवर. शंभर खुर्च्या सांगितल्या होत्या, कमी पडल्या. पाटणहून टेम्पो करून लोक आले. माणमधून एसटीने. वसतिगृहातले दोघे, आता पन्नाशीला आलेले, काठी घेऊन आले, त्यांच्यातल्या एकाने माइकवर डावा हात पुढे धरला, अंगठा आत घेतला आणि बोटावरून नद्या म्हणून दाखवल्या. भाषणं अशी कुणाची ठेवलीच नव्हती, ज्याला वाटेल त्याने उठून बोलावं.

मूळ वही टेबलावर ठेवली होती, काचेखाली नाही, नुसती, पान दादाने उलटायचं असं ठरलेलं. लोक रांगेने येऊन आपापला रोल नंबर शोधत होते. साल आठवतं पण नंबर आठवत नाही, नंबर आठवतो पण साल नाही. साठीतल्या एक बाई आल्या, त्यांनी ७ नंबरच्या ओळीवर बोट ठेवलं, त्यांच्या शेजारी उंच गृहस्थ उभे होते त्यांना म्हणाल्या, हा बघ, हा झोळीतला तू. एवढं म्हणून दोघं बाजूला गेले.

मग म्हसवडकडचे एकजण पुस्तक चाळत चाळत माझ्याकडे आले. साठीचे असतील, टोपी, पांढरा सदरा. म्हणाले, बाईंची धाकटी ना तुम्ही, मी शहात्तरला चौथीला, रोल नंबर एकोणीस. इथं पान सहावर तुम्ही चूक लिवलंय.

मी म्हटलं काय हो?

म्हणाले, वि. म्हंजे विनाकारण नव्हं. मी पोटात दुखतंय म्हणून सांगितलेलं, आन आम्ही चौघं इनामदाराच्या मळ्यातल्या विहिरीत पोहत होतो. दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, का रं आला न्हाईस, म्हटलं पोटात दुखत हुतं बाई. त्यांनी माझ्या केसाकडं बघितलं, केस पार राठ झालेले पाण्यानं, आन काय बोलल्या न्हाईत. फक्त म्हणाल्या, खोल पाण्यात एकट्यानं जाऊ नये, भोपळा बांधावा. मला वाटलं, यांना कसं कळलं. वि. म्हंजे विहीर.

भाचा शेजारीच होता. त्याने फोनवर एक्सेल उघडलं आणि विचारलं, काका, मग बहात्तर-त्र्याहत्तरला एकदाही नाही ते का?

ते म्हणाले, दुष्काळात विहिरीला पाणी हुतं कुठं, बाळा.

३ फेब्रुवारी

प्रेसला फोन केला. शिल्लक ११२ प्रतींत चिकटवायला शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या, बाकी लोकांना पोस्टाने पाठवणार, पत्ते ताईकडे आहेत. पीडीएफमध्ये आजच बदललं.

पान ६, ओळ ४: "विनाकारण" ऐवजी "विहीर" वाचावे.